चाखून घेतलेला ट्रॅक्टर

नरपडचा समुद्र ओहोटीला इतका मागं जातो की नव्या माणसाला वाटावं, रुसून गेला, आता काही परत येत नाही. गावातल्या होड्या मात्र सुरूच्या झाडांखाली, कोरड्या वाळूवर. तिथून पाण्यापर्यंत होडी न्यायची तर खांदे लागतात, आणि नरपडला सगळ्यात जास्त टंचाई होती ती खांद्यांचीच. श्रावणातल्या खवळलेल्या समुद्रात उघड्या किनाऱ्यावर होडी नांगरून ठेवता येत नाही. रोज उतरवा, रोज वर ओढा.

पूर्वी एकेका होडीला वीस-पंचवीस माणसं भिडायची. रीतच होती तशी. ज्यानं होडीला हात लावला त्याला ती परत आल्यावर मूठभर मासळी. त्यामुळे म्हातारे यायचे, पोरं यायची, ज्यांच्या अंगात माशी उडवायची ताकद नाही तेसुद्धा होडीला पंजा टेकवून जोरात ओरडायचे आणि संध्याकाळी फडक्यात बोंबील घेऊन घरी जायचे. आता पोरं उंबरगाव-बोईसरच्या कंपन्यांत गेली. सहा होड्यांना मिळून खांदे उरले अकरा, त्यातले तीन दुखरे.

होड्या उतरवायचा क्रमही ठरलेला होता. जी आधी बांधली ती आधी. पहिली शांताराम तांडेलची आणि सगळ्यात शेवटची जमनाची. पाच होड्या ढकलून झाल्या की निम्मे खांदे वाळूवर बसकण मारायचे आणि उरलेले म्हणायचे, "वहिनी, उद्या बघू." असं उद्या बघू, उद्या बघू करता करता जमनाच्या होडीचा मागचा अख्खा हंगाम वाळूवर गेला.

होडीचं नाव वसुमती. जमनाचा नवरा तुक्या, त्यानं ते आपल्या आईच्या नावावरून ठेवलं होतं. होडीला जमिनीचं नाव ठेवणारा माणूस जगात एकच, असं जमना म्हणायची. शिवाय सासूचंच नाव असल्यामुळे होडीला चार शब्द सुनावायचीही चोरी, ही दुसरी तक्रार. तुक्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून होडी त्याचा पुतण्या रूपेश चालवायचा आणि जमना पूर्वीसारखीच डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण टोपली डोक्यावर घेतली की अजून कुणाला पुढं जाऊ द्यायची नाही.

यंदा मात्र होडीच हातची जायची वेळ आली होती. किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टचा मॅनेजर दोनदा घरी येऊन गेला. त्याला वसुमती हवी होती, हिरवळीवर ठेवायला. तिच्यात माती भरून झेंडू लावणार होता, पाहुण्यांनी तिच्यापुढं फोटो काढावेत म्हणून. बिचारा चांगल्या मनानं बोलत होता, पैसेही बरे देत होता. जमनानं त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

आणि रूपेशला कंपनीचं पत्र आलं होतं. नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं. त्यानं ते पत्र काकीपासून लपवलं नाही.

"काकी, त्याच्या आत होडी पाण्यात गेली तर मी हाय," तो म्हणाला. "नाय तर मना जायला पाहिजे. वाळूवर बसून किती दिवस काढू?"

यात जमनाला वावगं काही दिसेना. पंचविशीतला मुलगा, हात-पाय धड, त्यानं वाळूत बसून कवड्या खेळाव्यात असं कोण म्हणेल? पण तो गेला की वसुमतीत झेंडूच लागणार, हेही तिला लख्ख दिसत होतं.

जुलैच्या सुरुवातीला शांताराम तांडेलनं देवळात बैठक घेतली. गुजरातकडच्या किनाऱ्यावर ट्रॅक्टर होड्या ओढतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. सहा होड्यांनी वर्गणी काढायची आणि जुना ट्रॅक्टर घ्यायचा, दोन लाखांच्या आत. सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्रॅक्टर बघायला कोण जाणार? शांताराम पुढारी म्हणून, रूपेश तरुण म्हणून, आणि डहाणू रोडचे शैलेशभाऊ जाणकार म्हणून. शैलेशभाऊ रेल्वेत फिटर होते, तीस वर्षं इंजिनांच्या पोटात डोकं घालून निवृत्त झालेले.

"मी पण येते," जमना म्हणाली.

"वहिनी, तुम्ही काय करणार तिथं? ट्रॅक्टर हाय तो, पापलेट नाय," शांताराम हसत म्हणाला.

"होडी माझ्या नावावर हाय. वर्गणी माझी हाय. आणि शैलेशभाऊंच्या गाडीत जागा हाय."

या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे शांतारामनं तिलाही धरून चार माणसं मोजली.

वर्गणी जमेपर्यंत श्रावण लागला. तलासरीला हायवेच्या कडेला नविनभाईंचं जुन्या ट्रॅक्टरांचं आवार होतं. दहा-बारा ट्रॅक्टर रांगेत, धुतलेले, टायरांना काळं पॉलिश. आणि मधोमध एक लालभडक, नवरीसारखा नटलेला. त्याला बघताच शांतारामची चाल बदलली. रूपेश तर सरळ सीटवर चढून बसला.

"पंचेचाळीस घोडे, पॉवर स्टिअरिंग, चारी चाकांना जोर," शैलेशभाऊ चष्मा पुसत म्हणाले. "वाळूसाठी उत्तम. या किमतीत कसा काय देता?"

"तमे आपल्या घरचे, म्हणून," नविनभाई म्हणाले. गोल चेहऱ्याचा, लाघवी माणूस. मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी घुसायचा त्याचं त्यालाही कळत नसे. "नाशिकच्या शेतकऱ्याचा छे. द्राक्षाची वाडी. यानी दरिया पण बघितला नाय कधी."

शैलेशभाऊंनी इंजिन सुरू करवलं, कान लावून ऐकलं, समाधानानं मान हलवली. शांतारामनं दोनदा भोवती चक्कर मारली आणि तिसऱ्या चकरेला बोनेटवर असा हात फिरवला की ठरल्यातच जमा.

जमना लांबून बघत होती. तिला ट्रॅक्टरातलं काडीचं कळत नव्हतं आणि ते कबूल करायला ती लाजतही नव्हती. पण बाजारात चाळीस वर्षं बसून एक गोष्ट तिच्या हाडात गेली होती. जो मासा पाण्याचे हबके मारून जास्त चमकवलेला असतो, त्याच्यात काहीतरी लपवलेलं असतं. ताज्या माशाला कुणी धुवत बसत नाही. गिऱ्हाईक वरच्या खवल्यांना भुलतं, खरं काय ते कल्ल्याखाली असतं.

तिनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि ट्रॅक्टरच्या मागं जाऊन उकिडवी बसली. मागच्या मडगार्डच्या आत, वर, जिथं पत्रा दुमडतो आणि पाण्याचा पाइप पोचत नाही, तिथं तिनं हात घातला. खरवडून बाहेर काढला तर बोटांवर पांढरट भुकटी. तिनं ती नाकाशी नेली, आणि मग सरळ जिभेवर ठेवली.

"अहो वहिनी," शांताराम दचकून म्हणाला.

"खारट," जमना म्हणाली.

नविनभाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, पण जरा पातळ झालं. "खत असेल, बेन. युरिया. द्राक्षाला लई खत लागतं."

"युरिया मी कधी चाखला नाय. मीठ रोज चाखते."

शैलेशभाऊंना हे काही पटेना. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही यंत्र जिभेनं तपासलेलं नव्हतं. पण कुतूहल वाईट. त्यांनीही खाली वाकून बोट घातलं, इकडंतिकडं पाहिलं आणि चाखलं. त्यांचा चेहरा बघून शांतारामनं चाखलं. मग रूपेशनं. हायवेवरून चाललेल्या एका ट्रकवाल्यानं चार माणसं ट्रॅक्टर चाटताना बघून गाडी हळू केली.

"मीठच हाय," शांताराम खोल आवाजात म्हणाला. समुद्रावरचा माणूस, त्याची जीभ खोटं बोलणार नव्हती.

जमनाच्या टोपलीत खडकावरची कालवं फोडायची लोखंडी टोची कायम असायची. तिनं ती काढली आणि लाल पत्र्यावर एक बेताचा टोला दिला. कालव जिवंत आहे की आत नुसता चिखल, हे तिला आवाजावरून कळायचं. इथं आवाज आला तो 'बद्' असा. रंगाचा पोपडा निघाला, मागोमाग पुट्टीचं ढेकूळ पडलं, आणि त्या भोकातून पलीकडचं गवत दिसलं.

नविनभाईंनी वाकून त्या भोकातून पलीकडं पाहिलं. मग ते हसायलाच लागले, पोट धरून. "दोन वरस मिठागरावर होता," ते म्हणाले. "बेन, तमे माझ्याकडं नोकरीला या. पगार देतो. माझ्या माणसांना पण हे नाय जमत." आणि त्यांनी चौघांना स्पेशल चहा मागवला. चोर पण दिलदार, असं जमनाला वाटलं, आणि तिनं चहात साखर जास्त घालून घेतली, तोंडातलं मीठ जावं म्हणून.

परतीच्या वाटेवर मात्र हिशेब काही जुळेना. बाकीचे ट्रॅक्टर एक तर वर्गणीत बसत नव्हते, नाही तर त्या लाल नवरीचे भाऊबंद होते. रूपेश खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या मानेकडं बघूनच जमनाला कळत होतं की तो मनातल्या मनात सोमवार मोजतोय. तिला त्या टोचीचाच राग आला. चांगला झाकलेला होता, निदान एक हंगाम तरी चालला असता, असा वेडगळ विचारही तिच्या मनात येऊन गेला.

चारोटीवरून डहाणूकडं वळल्यावर रानशेत आलं, आणि जमना एकदम ताठ झाली.

"शैलेशभाऊ, गाडी थांबवा. इथं माझी बारकी राहते."

बारकी म्हणजे बाजारात जमनाच्या शेजारी बसणारी. पावसाळ्यात ती रानातली कंटोळी घेऊन यायची आणि जमना सुकट. दोघी आधी गिऱ्हाईकाशी भांडायच्या, मग एकमेकींशी, आणि उठताना कंटोळी आणि सुकटीची अदलाबदल करून घरी जायच्या. वर्षभर बारकीची एकच रड होती. नवऱ्यानं जुना ट्रॅक्टर अंगणात आडवा लावून ठेवलाय, भावानं नवा घेतल्यापासून त्याला कुणी विचारत नाही, आणि विकायचं नाव काढलं की हा जेवत नाही.

अंगणात तो होता. मूळचा निळा असावा. आता त्याला रंग असा नव्हताच, जळक्या तेलाचा आणि तांबड्या मातीचा एक जाड थर होता, पोळीवर तूप आणि त्यावर गूळ थापावा तसा. सीटवर गोणपाट. बाजूच्या हत्यारांच्या पेटीत एक कोंबडी बसलेली, ती चौघांकडं अशा नजरेनं बघत होती की आवार तिचंच आहे.

"हा?" शांताराम म्हणाला.

बारकीचा नवरा बाळ्या घरातून बाहेर आला. सडपातळ, हळू बोलणारा. विकायचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. समुद्रासाठी हवाय म्हटल्यावर तर तो ट्रॅक्टरच्या आणि पाहुण्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"तुम्ही त्याला बुडवाल," तो म्हणाला.

"धुतोस कधी याला?" शैलेशभाऊंनी विचारलं.

"कशाला? चिखल वाळला का आपोआप पडतो. तेल मात्र पाजतो. पुसतो पण तेलानंच."

शैलेशभाऊ खाली वाकले. एका जागी त्यांनी थर खरवडला, आणि आत काळंभोर लोखंड लागलं, गंजाचा ठिपका नाही. ते पलीकडं गेले, पुन्हा वाकले. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"अरे, या तेलाच्या थरानंच हा टिकलाय. आणि वायर बघा, करदोट्याएवढी एक आहे, संपलं. खाऱ्या पाण्यात पहिली मरते ती वायरिंग. ह्यात मरायला काही ठेवलेलंच नाही. बॅटरी कुठंय?"

"दोन वर्षं नाय," बाळ्या म्हणाला. "उतारावर लोटला का चालू होतो."

सगळ्यांनी जमनाकडं पाहिलं. तिनं मडगार्डच्या आत हात घातला, बोटावर आलेलं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "माती," ती म्हणाली. "आणि तेल. थू." मग तिनं टोची काढून टोला दिला. 'ठण्' असा आवाज अंगणभर गेला. कोंबडीनं मान वर केली. जमनाच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. तिला तो आवाज ओळखीचा वाटला, भरलेल्या कालवाचा.

किंमत वर्गणीच्या आत बसली. वर शैलेशभाऊंना नवी बॅटरी, ग्रीस आणि होडीसाठी दोन चाकांचा गाडा करून घ्यायलाही उरत होतं. जमनानं आपल्याकडून पावसाळाभराची सुकट कबूल केली. पण बाळ्याची एक अट होती, आणि बारकीची एक.

"खाऱ्या पाण्यातून आला का रोज गोड्या पाण्यानं धुवायचा," बाळ्या म्हणाला. "आता धुवायलाच लागंल. रोज. आणि धुतला का परत तेल."

"मी धुवीन," जमना म्हणाली. "माझ्या विहिरीवर."

"आणि कोंबडी उठंपर्यंत हलवायचा नाय," बारकी म्हणाली. "अंडी हायेत खाली. अजून सहा दिवस."

शांतारामनं कपाळाला हात लावला. पौर्णिमा नऊ दिवसांवर आलेली. पण कोंबडीपुढं कुणाचं चालतं? सहाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली, सातव्या दिवशी ट्रॅक्टर उतारावरून लोटला, दोन ढेकर देऊन तो चालू झाला, आणि रूपेश तो डहाणूच्या बाजारातून नरपडला घेऊन आला तेव्हा त्याच्या वेगानं मागं गाड्यांची रांग लागली होती. गावातल्या लोकांनी त्याच्याभोवती चक्कर मारली, कुणी नखानं तो थर खरवडून पाहिला. मग शांतारामच्या बायकोनं आरती ओवाळली, होडीला करतात तसा त्याच्या पुढं नारळ फोडला, आणि कुणीतरी त्याच्या दोन दिव्यांच्या वर शेंदरानं डोळे काढले. त्यामुळे ट्रॅक्टर जरा आश्चर्यचकित दिसू लागला.

होड्या उतरवायचा दिवस रविवारचा ठरला, पौर्णिमेनंतरचा पहिला. दुसऱ्या दिवशी सोमवार. रूपेशनं कंपनीत जायची बॅग भरून दाराशी ठेवली होती. जमनानं ती पाहिली आणि ओलांडून बाहेर आली.

बाळ्या आणि बारकी पहिल्या एसटीनं आले होते. सासरी दिलेल्या मुलीला बघायला यावं तसा बाळ्या ट्रॅक्टरभोवती फिरत होता. चालवायला मात्र शांताराम बसला. समुद्र आमचा, तिथं आम्ही चालवणार, असं त्याचं म्हणणं, आणि दोन दिवसांत तो शिकलाही होता. होडी गाड्यावर चढवायची, गाडा उलटा लोटत पाण्यात न्यायचा, होडी तरंगली की ट्रॅक्टर सरळ किनाऱ्याकडं. शैलेशभाऊंनी ट्रॅक्टर आणि गाडा यांच्यामध्ये मुद्दाम लांब पाइप बसवून घेतला होता, गाडा खोल जावा आणि ट्रॅक्टर उथळात राहावा म्हणून. "चाकाच्या मध्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही," हे त्यांनी शांतारामला सात वेळा सांगितलं.

अकरा वाजता भरतीचं पाणी चढू लागलं आणि शांतारामची होडी गेली. जिथं पंचवीस माणसांचा अर्धा तास जायचा तिथं दहा मिनिटं लागली. मग दुसरी, मग तिसरी. अकराही खांदे किनाऱ्यावर उभे, हात कुठं ठेवावेत हे त्यांना सुचेना. रिसॉर्टचे पाहुणे आले, मॅनेजर आला, टाळ्या वाजू लागल्या. पाचवी होडी तरंगली तेव्हा शांताराम सीटवर असा बसला होता जसा काही ट्रॅक्टर त्यानंच शोधून काढला.

मग वसुमती. तिचा तळ घासू नये म्हणून गाड्यावर जमनानं तुक्याचं जुनं जाळं अंथरलं होतं. पाच वर्षं ते घरात आढ्याला टांगलेलं होतं आणि त्याला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. होडीत रूपेश आणि त्याचा जोडीदार जीवन चढले. शांताराम उलटा निघाला, आणि पाच होड्यांच्या यशानं त्याला जरा जास्तच आत नेलं. एवढ्यात मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. वाळूखालचा चिखल लागला होता. चाकं फिरली तशी रुतत गेली, आणि शांतारामनं इंजिन मंद केलं.

"काय झालं?" किनाऱ्यावरून कुणीतरी विचारलं.

"रुतलाय," शांताराम शांतपणे म्हणाला. त्यानं हाताची घडी घातली. "घाई नको. भरती येतेय. पाणी वाढलं का आपोआप सुटंल."

किनाऱ्यावरच्या सगळ्या नरपडकरांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं. रुतलेल्या होडीशी कधी झटायचं नसतं, पाण्याची वाट बघायची, हे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेलं. जमनानंही मान डोलावली. एक लाट आली, दुसरी आली, पाणी पुढच्या चाकांना लागलं. सगळे निवांत उभे होते.

बारकीनं जमनाचा दंड धरला. "जमनाबाय," तिनं हळूच विचारलं, "ट्रॅक्टर तरंगतो काय?"

जमनानं तिच्याकडं पाहिलं. मग ट्रॅक्टरकडं. मग तिच्या तोंडातून जो शब्द गेला तो तिनं देवळासमोर कधी उच्चारला नसता.

"अहो भावजी, ती होडी नाय," त्यामागोमाग ती शांतारामला ओरडून म्हणाली.

मग जी धावपळ उडाली ती काय सांगावी. बाळ्या तर आधीच पाण्यात होता, लुंगी डोक्याला गुंडाळून. त्यानं शांतारामला सीटवरून जवळजवळ उचलूनच खाली ठेवलं. तेवढ्यात मागून एक मोठी लाट आली आणि वसुमती गाड्यावरून अलगद उचलली गेली. वर्षभरानं ती हलली, डावीकडं कलली, सरळ झाली. रूपेशनं पाहिलं की ट्रॅक्टर बुडतोय, आणि त्यानं उडी मारायला पाय बाहेर टाकला.

"रूपेश, आत बस," जमना पाण्यातून ओरडली. "ती पाण्यात हाय, तिला पाण्यात ने. इथलं आम्ही बघतो."

त्यानं पाय आत घेतला. मग त्यानं होडीच्या इंजिनाची दोरी ओढली.

गाड्यावर आता नुसतं जाळं उरलं होतं. जमना कंबरभर पाण्यात गेली, ते ओढून घेतलं. ओलं जाळं जड, पण तिनं ते खांद्यावर टाकून आणलं आणि मागच्या चाकांपुढं, पाण्याखाली, हातांनी चाचपत दाबलं. तुक्यानं ते एका पावसाळ्यात ओटीवर बसून विणलं होतं. "घे रे," ती म्हणाली, नवऱ्याला की चाकाला कुणास ठाऊक. शैलेशभाऊंनी मागचा गाडा सोडवला, अकरा खांद्यांनी पुढून दोर लावला, बारकी, शांतारामची बायको, रिसॉर्टचे पाहुणे, बुटांसकट तो मॅनेजर, जो तो जिथं हात पुरेल तिथं भिडला. बाळ्यानं गिअर टाकला. चाकांनी जाळं चावलं, एकदा घसरली, पुन्हा चावलं, आणि ट्रॅक्टर जबड्यातून दात उपसावा तसा बाहेर आला. तो थांबला तो थेट सुरूच्या झाडांपाशी.

आता कुणाला ढकलावं लागू नये म्हणून घेतलेला ट्रॅक्टर अख्ख्या गावानं ओढून काढला होता, हे पहिल्यांदा शांतारामच्या लक्षात आलं. तो हसायला लागला तो वाळूत बसलाच. मग सगळेच हसले. जाळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. जमनानं त्या गोळा केल्या. वाईट वाटलं तिला, पण जेवढं वाटेल असं भय होतं तेवढं नाही. आढ्याला टांगून त्यानं काय केलं असतं?

मॅनेजर ओल्या पँटनं तिच्याजवळ आला. "काकी, मग होडीचं काय ठरलं?"

जमनानं समुद्राकडं बोट केलं. लांब, पाच होड्यांच्या मागं, सहावी दिसत होती. "ती काय. झेंडू लावायचा असंल तर पोहत जा."

चार वाजता होड्या परतल्या आणि ट्रॅक्टरनं त्या शहाण्यासारख्या वर ओढल्या. सीटवर बाळ्या होता, शांतारामनं स्वतःच त्याला बसवलं होतं. मासळी फार नव्हती, पण ज्यानं हात लावला त्याला मूठभर ही रीत पाळायची तर होतीच, आणि त्या दिवशी हात लावला नाही असं कुणी गावात सापडेना. पाहुण्यांनाही बोंबील मिळाले. शांताराम म्हणाला, एक वाटा ट्रॅक्टरचा, जमनावहिनींनी तो विकावा आणि डिझेल-ग्रीस आणावं. वाटा घेणारा तो गावातला पहिला निळा गडी.

मग त्याला जमनाच्या विहिरीवर आणलं. तिनं शब्द दिला होता. बारकी पाणी शेंदायला, जमना ओतायला. मडगार्ड, चाकं, खालून, वरून. दहा बादल्या झाल्यावर ती उकिडवी बसली, मडगार्डच्या आत दुमडीत बोट घातलं आणि जिभेला लावलं. बाळ्या तिच्या तोंडाकडं बघत होता.

"खारट," ती म्हणाली. "अजून आणा."

रूपेश होडीवरनं नुकताच आला होता, अंगभर मिठाचे चट्टे. त्याची बॅग अजून दाराशी होती. त्यानं ती उचलली, आत नेऊन ठेवली आणि रिकाम्या हातानं बाहेर येऊन बारकीकडून दोर घेतला.

"उद्या पाणी पाऊण तास उशिरा," बादली विहिरीत सोडत तो म्हणाला. "काकी, उद्या आपली होडी पहिली काढू काय? शांतारामकाकांना विचारलंय मी. हो म्हणाले."

जमना ट्रॅक्टरकडं वळली. उद्या सोमवार होता. बोट तिनं पुन्हा दुमडीत घातलं, उगाचच, आणि जिभेला लावलं. या खेपेला तिला नीट कळेना, कारण गालावरूनही खारट पाणी ओठांशी आलं होतं.

"अजून दोन बादल्या," ती म्हणाली.